माजी उपसरपंच चिमण्या

ठाणे, १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय निशा,

तुझी 'माजी उपसरपंच चिमण्या' ही गोष्ट आम्हाला नाटकासाठी हवी आहे. हे वाक्य सगळ्यात आधी लिहिलं, कारण मी सहावीत असते तर ते कळल्याशिवाय बाकीचं पत्र वाचलंच नसतं.

आता ओळख. मी ऐश्वर्या सातपुते. आमची 'खुसखुस नाट्यमंडळी' ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या शाळांतून मुलांनी लिहिलेल्या विनोदी गोष्टी गोळा करते आणि रंगमंचावर करते. आमचे नियम थोडेच आहेत. पहिला, 'लिहिलंय तसंच'. गोष्टीतला एकही शब्द आम्ही बदलत नाही. बदलायचा असेल तर फक्त लेखकाने. मागे टिटवाळ्याच्या एका मुलाने शेवटी लिहिलं होतं, 'मग सगळे उडाले'. आम्ही सगळे उडालो. एकाचा पाय मुरगळला, पण उडालो. दुसरा नियम, शंका पत्राने विचारायच्या. फोन केला की मुलांच्या वतीने आईबाबाच उत्तरं देतात. आणि तिसरा, लेखकाच्या घरची माणसं पहिल्या रांगेत बसलीच पाहिजेत.

गोष्ट मला नीट कळली का, ते तपासून बघ. दामूआजा आणि शर्यतीचा बैल चिमण्या, दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी. दामूआजाचा धाकटा भाऊ पांडू दोघांचे बॅनर करायला टाकतो आणि फोटोंची अदलाबदल होते. गावाच्या नाक्यावर दामूआजाचा फोटो लागतो, खाली मजकूर, 'मैदान गाजवणारा, धुरळा उडवणारा, शर्यतशौकिनांच्या गळ्यातला ताईत'. शेजारी बैलाचा फोटो आणि खाली, 'आमचे मार्गदर्शक, माजी उपसरपंच'. मग लोक बैलाकडे गटाराचे आणि पाण्याचे अर्ज घेऊन येतात. दामूआजा पांडूवर रुसतो. दोघं एकमेकांशी न बोलता बैलामार्फत बोलतात. 'चिमण्या, सांग तुझ्या मालकाला, पेंढा संपलाय.' शेवटी पांडू कालवणाचा टोप घेऊन दारात येतो आणि म्हणतो, 'दादा, चुकलो.' दामूआजा म्हणतो, 'ये, बस.' संपलं.

बैलाच्या वाढदिवसाचा बॅनर! अशी भन्नाट कल्पना तुला सुचली कशी? आणि दामूआजा 'रुसून बसतो' म्हणजे नेमका कसा बसतो? कमलेश ती भूमिका करणार आहे आणि रोज विचारतो आहे.

प्रयोग रविवारी, १९ जानेवारीला, कल्याणच्या नाट्यगृहात आहे.

तुझी,
ऐश्वर्याताई

*

भोईरपाडा, मानपाड्याच्या पुढे
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय ऐश्वर्याताई,

नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हा पोस्टमनकाकांनी गेटवरूनच हाक मारली, "निशा भोईर कोण आहे? मॅडम आहेत का घरात?" मी बोलले, मीच मॅडम. आईने पाकीट न उघडताच देवासमोर ठेवलं, मग माझ्या हातात दिलं.

बैलाचा बॅनर ही कल्पना नाही. आमच्याकडे लागतात. केकपण असतो. बैल केक खात नाही, पोरं खातात. तुम्ही ठाण्याच्या आहात म्हणून तुम्हाला माहीत नसेल.

दामूआजा रुसतो तेव्हा खुर्ची भिंतीकडे तोंड करून बसतो. चहा आणला की "नको" बोलतो. कप परत नेला की "कुठे नेला?" बोलतो. टीव्ही लावतो पण आवाज बंद ठेवतो, म्हणजे सगळ्यांना कळलं पाहिजे की तो बघत नाहीये. जेवताना मीठ कमी असलं तर सांगत नाही, पण भाताकडे बघत राहतो. आणि कोणी हसलं तर चप्पल घालून गोठ्यात जातो आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो.

हे सगळं मी कल्पनेने लिहिलं आहे. माझे स्वतःचे आजा श्री. राघो भोईर असे अजिबात नाहीत. ते फार शांत आहेत.

घरच्यांना पहिल्या रांगेत बसावंच लागतं का? आमच्याकडे रविवारी सगळे बिझी असतात. मी एकटी आले तर चालेल का?

तुमची लेखिका,
निशा

*

ठाणे, ३ डिसेंबर २०२४

प्रिय लेखिका,

कमलेशने खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि तालमीतलं निम्मं काम झालं. प्रेक्षकांना त्याची फक्त पाठ दिसते, पण ती पाठ इतकी रुसलेली आहे की वल्लरीला (ती बॅनरवाली होते, अर्ज घेऊन येणारी बाईही होते) संवाद म्हणता येईना. "कुठे नेला?" या दोन शब्दांवर आम्ही रोज हसतो. तुझी कल्पनाशक्ती फार बारीक बघते, निशा.

ऋतुराज बैल झाला आहे. त्याला एकही वाक्य नाही, तरी सगळ्यात जास्त मिजास त्याचीच. पेंढा खाता येत नाही म्हणून तो पालकाची जुडी चघळतो. काल त्याने अर्ज घेऊन आलेल्या वल्लरीकडे असं काही बघितलं की तिने खरंच हात जोडले.

एक शंका. पांडू कालवण आणतो ते कशाचं? गोष्टीत नाही. प्रेक्षकांना वास येणार नाही, पण नटांना आला पाहिजे.

घरच्यांना आणायचंच, त्यात सूट नाही. पास सोबत पाठवते आहे. ज्याच्या घरात गोष्ट लिहिली गेली, त्या घराने ती आमच्या तोंडून ऐकावी, यासाठी तर आमची मंडळी आहे. तुझ्या शांत आजोबांना भेटायची मला विशेष उत्सुकता आहे.

ऐश्वर्याताई

*

भोईरपाडा, ११ डिसेंबर २०२४

प्रिय ऐश्वर्याताई,

कालवण ओल्या बोंबलाचं. कोकम घालून. खोबरं नाही.

लेखकाला बदल करता येतात असं तुम्ही लिहिलेलं. मला थोडे बदल करायचे आहेत.

दामूआजाच्या ऐवजी एका शाळेचे हेडमास्तर करा. बैलाच्या ऐवजी उंट करा. गाव राजस्थानात आहे असं सांगा. बॅनर नको, त्याऐवजी पतंग चालेल. भाऊ नको. भावाच्या ऐवजी शेजारीण करा आणि ती बाई कालवण नाही, जिलेबी घेऊन येते. गोष्टीचं नाव 'पतंग आणि उंट'.

बाकी सगळं तसंच ठेवा.

मी घरी सांगितलं आहे की नाटक हत्तीचं आहे. ते मी उंट सुचायच्या आधी सांगितलं. पण हत्ती आणि उंट दोन्ही मोठेच असतात, त्यामुळे काही प्रॉब्लेम नाही.

निशा

*

ठाणे, १७ डिसेंबर २०२४

प्रिय निशा,

तुझं पत्र मी तालमीत वाचून दाखवलं. ऋतुराज उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी उंट होईन, पण आधी माझ्या बैलाची चूक सांगा." आता तो कोपऱ्यात बसला आहे, भिंतीकडे तोंड करून.

मला वाटतं तुला वर्गात कोणीतरी चिडवलं आहे. गोष्ट निवडली गेली की असं होतं. विठ्ठलवाडीच्या एका मुलीला मैत्रिणी 'शेक्रेटरीन बाई' म्हणायला लागल्या होत्या, कारण तिच्या गोष्टीत सोसायटीची सेक्रेटरी एक मांजर होती. तिनेही आम्हाला मांजराच्या जागी कपाट करायला सांगितलं होतं. चिडवणारे प्रयोगाला आले आणि त्यांनीच सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या.

बदल करायचा हक्क तुझा आहे, मी तो नाकारू शकत नाही. पण माझाही एक हक्क असावा, विचारण्याचा. का? खरं कारण लिही. ते उंटाइतकं मोठं असलं तरी चालेल.

ऐश्वर्याताई

*

भोईरपाडा, २२ डिसेंबर २०२४

प्रिय ऐश्वर्याताई,

मला कोणी चिडवलं नाही.

दामूआजा म्हणजे माझे आजा. पांडू म्हणजे गणूआजा, त्यांचा धाकटा भाऊ. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, ते खाली. चिमण्या चिमण्याच आहे. त्याचं नाव मी बदललं नाही कारण बैलाला राग येत नाही. बॅनर खराच लागलेला, मागच्या फेब्रुवारीत. गणूआजाने मोबाईलवर आलेला नमुना चष्मा न लावता बघितला आणि "एक नंबर, छाप" असा मेसेज केला.

लोक खरंच चिमण्याकडे अर्ज घेऊन आले, मस्करीत. आजाला फोन आले, "काय राघोशेठ, किती सेकंदात पळता?" आजाने फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला. तेव्हापासून आजा आणि गणूआजा एकमेकांशी बोलत नाहीत. सकाळी चिमण्याला गणूआजा पाणी दाखवतो, संध्याकाळी आजा. दोघं त्याच्याशीच बोलतात. दिवाळीला गणूआजाकडून करंज्या आल्या तेव्हा आजाने गोठ्यात जाऊन सांगितलं, "चिमण्या, करंज्या बऱ्या झाल्यात."

गोष्टीतलं फक्त शेवटचं खोटं आहे. गणूआजा कालवण घेऊन आला नाही. कोणी "चुकलो" बोललं नाही. ते मला पाहिजे होतं म्हणून मी लिहिलं. शाळेत बाईंनी विनोदी गोष्ट लिहा सांगितलं आणि मला हीच येत होती.

तेव्हा नाक्यावर सगळं गाव हसलेलं. आजाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, मी बघितल्या. आता नाट्यगृहात त्यांना पहिल्या रांगेत बसवून मागून इतके सगळे लोक हसणार. आणि लिहिलं कोणी, तर मी. नंतर आजा माझ्याशीपण चिमण्यामार्फत बोलायला लागले तर?

म्हणून ताई, माझी गोष्ट नाटकातून काढून टाका. दुसऱ्या मुलाची घ्या. ऋतुराजदादाला सॉरी सांगा.

निशा

*

ठाणे, २८ डिसेंबर २०२४

प्रिय निशा,

तू खरं कारण लिहिलंस, त्याबद्दल आधी आभार. आणि मी आधीची दोन पत्रं किती आत्मविश्वासाने चुकीची लिहिली, हे बघून माझ्याच कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

गोष्ट तुझी आहे. काढ म्हणालीस तर काढू. आम्ही कोणी रुसणार नाही. ऋतुराज रुसेल, पण त्याला पालक दिला की झालं. आठ जानेवारीपर्यंत कळव, म्हणजे जाहिरातीतून नाव काढता येईल.

पण काढण्याआधी एक गोष्ट करशील? आजोबांना विचार. ते हसू त्यांना कसं लागेल, हे तू ठरवते आहेस आणि इकडे मी ठरवते आहे. ज्यांच्या कानाच्या पाळ्या आहेत, त्यांना कोणीच विचारलेलं नाही. ते नको म्हणाले, तर विषय संपला. मग तू दुसरी गोष्ट लिही. उंटाची असली तरी मी घेईन.

तोवर आम्ही तालीम करत राहतो, कारण कमलेशला आता खुर्ची सरळ करून बसताच येत नाही.

ऐश्वर्याताई

*

भोईरपाडा, ४ जानेवारी २०२५

सौ. ऐश्वर्याताई सातपुते यांना राघो धर्मा भोईर यांचा नमस्कार.

मी निशाचा आजा. पत्र लिहायची सवय नाय, पंचायतीत होतो तेव्हा क्लार्क लिहायचा आणि मी सही करायचो. चुकलं तर सांभाळून घ्या.

पोरीचं गेल्या आठवड्यापासून जेवणात लक्ष नाय. परवा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणते, "आजा, तुला हत्ती आवडतो का?" मी बोललो, आवडतो. म्हणते, "आणि हत्तीवर कोणी हसलं तर हत्तीला राग येतो का?" मी बोललो, हत्तीला विचारून सांगतो. ती पळाली. पळताना तिच्या वहीतून तुमचं पत्र पडलं, ते मी चष्मा लावून वाचलं.

ताई, तिची गोष्ट मी दिवाळीच्या आधीच ऐकलेली. शाळेच्या भिंतीवर लावलेली. मी दाखल्याच्या कामाला गेलेलो, चष्मा घरी राहिलेला. बाईंनी वाचून दाखवली. बाईंना ठाऊक नव्हतं ही कोणावरची गोष्ट. 'सांग तुझ्या मालकाला, पेंढा संपलाय' आलं तेव्हा मला हसू आवरेना. बाई बोलल्या, "बसा आजोबा, पाणी देऊ का?" घरी येऊन कोणाला सांगितलं नाय. रुसलेल्या माणसाने हसायचं कसं? एकदा रुसलं की त्याची पण शिस्त असते.

बॅनरवर बैलाच्या जागी आलो, त्याचं मला काय नाय. चिमण्या माझ्यापेक्षा नावाजलेला हाय. पण नाक्यावर बॅनर बघून पहिला हसला तो माझा भाऊ. गाव त्याच्यानंतर हसलं. ते लागलेलं. आता पोरीने लिहिलेलं ऐकलं, तर वाटतं, मी त्याच्या जागी असतो तर मी त्याच्याही आधी हसलो असतो.

नाटक बंद करू नका. मी येणार. पोरीला मात्र तुम्ही सांगू नका, मी सांगेन.

काही दुरुस्त्या हायत. बॅनर गोष्टीत लिहिलाय त्याच्यापेक्षा मोठा होता. तो मी फेकला नाय. चांगला जाड हाय, पेंढ्यावर झाकलाय, तोंड खाली करून. टेम्पोने तुमच्याकडे पाठवतो, नाटकात तोच लावा. मी रुसून 'चार दिवस' बसलो असं लिहिलंय, ते खोटं हाय, वरीस होत आलं. आणि माझी सखुबाई गोष्टीत कुठेच नाय, त्याने ती नाराज हाय. एका वाक्यात तरी घ्या.

आणखी एक पास पाठवा. कोणासाठी ते विचारू नका.

आपला,
राघो धर्मा भोईर
(माजी उपसरपंच. हे खरं हाय.)

*

ठाणे, ८ जानेवारी २०२५

आदरणीय राघोकाकांना सादर नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा जरा सावकाश.

बॅनर मिळाला. पेंढ्याचा वास अजून आहे आणि ऋतुराज म्हणतो की त्यामुळे त्याला भूमिकेत शिरायला सोपं जातं. नौपाड्यात आमच्या तालमीच्या गच्चीवर तो वाळत घातला होता. खालून जाणारे लोक तुमचा फोटो बघून विचारत होते, हे कोणत्या वॉर्डातून उभे आहेत.

दुरुस्त्यांबद्दल मात्र माझा नाइलाज आहे. आमच्याकडे बदल फक्त लेखक करू शकतो. तुम्ही तिच्याशी बोललात असं धरून तुमच्या सूचना लेखिकेकडे पाठवते. तुम्ही एकाच घरात राहता, तरी मी त्या ठाण्याहून पोस्टाने पाठवते आहे, ही आमची शिस्त. रुसण्याची असते तशीच.

पास सोबत आहे. कोणासाठी ते विचारलेलं नाही.

आपली,
ऐश्वर्या सातपुते

*

ठाणे, २० जानेवारी २०२५

प्रिय निशा,

प्रयोग संपला आणि तुम्ही सगळे इतक्या घाईत निघून गेलात की मला भेटताच आलं नाही. आता तूच सांग, काल झालं काय?

मी विंगेत होते. तिथून पहिली रांग दिसत नाही. पडदा उघडला, बॅनर खाली आला, लोक हसायला लागले, इथपर्यंत ठीक. लोकांच्या आधी पुढून कोणीतरी एकटंच मोठ्याने हसलं, तेही मी ऐकलं. शेवटच्या प्रवेशात पांडू टोप घेऊन आला, 'दादा, चुकलो' म्हणाला, आणि समोरून एक आवाज कडाडला. मग दुसरा आवाज. मग सगळं नाट्यगृह इतकं हसलं की कमलेशला आपलं शेवटचं वाक्य म्हणायला थांबून राहावं लागलं. ते म्हटल्यावर तर लोक उठूनच उभे राहिले. त्या दोन शब्दांत एवढं काय आहे, हे कमलेशला अजून कळलेलं नाही. तो मला विचारतो, मी काय वेगळं केलं? मी म्हटलं, लेखिकेला विचारते.

ऐश्वर्याताई

*

भोईरपाडा, २६ जानेवारी २०२५

प्रिय ऐश्वर्याताई,

आता सगळं नीट सांगते.

तुमचा पास आजाने कोणाला दिला माहीत आहे? दिला नाही. चिमण्याच्या गळ्यातल्या घुंगरांच्या पट्ट्याला दोऱ्याने बांधला. सकाळी गणूआजा पाणी दाखवायला गेला तेव्हा त्याला मिळाला. मी खिडकीतून बघत होते. त्याने तो उलटसुलट बघितला आणि चिमण्याला विचारलं, "मला बोलावलंय, का तुला?"

त्याआधी आजाने मला गच्चीवर नेऊन सांगितलं की त्याला सगळं माहीत आहे. मी रडले. आजा बोलला, "रडतेस काय, मला हत्ती केलंस त्याचा राग आलाय. माझा रंग बघ, मी हत्ती दिसतो का?" मग मी हसले. मग तुमच्याकडून पोस्टाने त्याच्याच दुरुस्त्या आल्या. 'चार दिवस' मी बदललं नाही, कारण लेखिका मी आहे. आजीचं वाक्य तेवढं घातलं.

नाट्यगृहात पहिल्या रांगेत आधी आजी, मग आजा, मग मी, मग आई, बाबा, आणि एकदम टोकाला गणूआजा. टोपी घालून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, कोणाकडे न बघता. बॅनर खाली आला तेव्हा मी डोळे मिटले. मला आजाच्या कानाच्या पाळ्या बघायच्या नव्हत्या. पण सगळ्यात आधी जो हसला तो आजाच. मांडीवर हात मारून. कोणाला चान्सच दिला नाही त्याने. त्याच्यानंतर सगळे हसले. 'कुठे नेला?' आलं तेव्हा आजी इतकी हसली की तिच्या अंबाड्यातला गजरा पडला, आणि ती आजाला बोलली, "बघ, असाच दिसतोस." वल्लरीताईने आजीचं वाक्य म्हटलं, "या दोघांपेक्षा बैल शहाणा," तेव्हा तर आजीने मागे वळून लोकांना नमस्कार केला.

मग शेवट आला. पांडू बोलला, "दादा, चुकलो." आणि गणूआजा उभा राहिला.

"ओ! हे खोटं हाय! मी असं कधी बोललोच नाय! चूक माझी नव्हती, त्या बॅनरवाल्याची होती!"

सगळे मागून बघायला लागले. बाबांनी त्याचा शर्ट ओढला, तो खाली बसेना. बोलला, "विचारा कोणाला पण! कालवण पण नाय नेलं मी!"

तेव्हा आजा त्याच्याकडे न बघताच मोठ्याने बोलला, "गणू, खाली बस. मागच्यांना दिसत नाय."

गणूआजा तसाच उभा राहिला. मग बारीक आवाजात बोलला, "तू माझ्याशी बोललास?"

"बोललो. आता बस. नाटक चाललंय."

तोवर कमलेशदादा खुर्चीवरून उठले होते. त्यांनी दोघांकडे बघितलं, खुर्ची भिंतीकडून सरळ केली आणि जे लिहिलेलं तेच बोलले, "ये, बस."

आणि गणूआजा बसला. ताई, तो खरंच बसला. लोक का उठले ते कमलेशदादांना सांगा. त्यांनी काहीच वेगळं केलं नाही. लिहिलंय तसंच केलं.

आम्ही घाईत निघालो कारण दोघं तिथेच भांडायला लागले. कल्याण ते मानपाडा, गाडीत भांडत होते. चष्मा का नाय लावलास, तू फोन का बंद केलास, तू पहिला का हसलास, मग आज तू पहिला का हसलास. आई पुढच्या सीटवर बसून रडत पण होती आणि हसत पण होती. आजी बोलली, "हळू भांडा रे, वर्षभराचं आजच संपवू नका." घरी आल्यावर गणूआजा वर येऊन जेवला. कालवण नव्हतं, डाळ होती. मीठ कमी होतं. आजाने सांगितलं.

म्हणून मला पुढच्या प्रयोगासाठी शेवट बदलायचा आहे. मी लिहिलेला शेवट चांगला होता, पण त्यांचा जास्त चांगला आहे. पांडूने "चुकलो" बोलायचं नाही. दोघांनी भांडत भांडत जेवायला बसायचं. कालवणाच्या टोपाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. नाही, नको, मीच ठरवते. ऋतुराजदादाला द्या.

निशा

*

ठाणे, १ फेब्रुवारी २०२५

प्रिय निशा,

बदल मंजूर. मंजुरीची गरज नव्हती, पण आम्हालाही काहीतरी मोठेपणा हवा.

नवा शेवट तालमीत केला. दामूआजा आणि पांडू पानावर बसून भांडतात आणि भांडता भांडता एकमेकांना भाकरी वाढतात. हे वाढणं तू लिहिलेलं नाहीस. ते आपोआप होऊ लागलं, म्हणून तुझी परवानगी मागते आहे. ऋतुराज टोप घेऊन मागे उभा असतो. बैल मासे खात नाही, हे त्याला कोणीतरी सांगितलं आहे, पण तो म्हणतो उपसरपंच खातात.

ठाण्याचा प्रयोग मार्चमध्ये आहे. पास सहा पाठवू की सात?

ऐश्वर्याताई

*

भोईरपाडा, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय ऐश्वर्याताई,

भाकरी वाढायला परवानगी आहे. पास सात पाठवा. चिमण्यासाठी नको, गणूआजाला सासुरवाडीहून कोणालातरी आणायचं आहे.

पुढच्या रविवारी, २३ तारखेला, आजाचा आणि चिमण्याचा वाढदिवस आहे. तुम्ही सगळ्यांनी यायचं आहे. हे आमंत्रण आजाने सांगितलं आणि मी लिहिलं, त्याने सही केली आहे, खाली बघा.

यंदा बॅनरचा नमुना मोबाईलवर आला तेव्हा दोघांनी चष्मे लावले. आजाने बघितला, गणूआजाने बघितला, बाबांनी मोठा करून बघितला. सगळं बरोबर होतं. आजाच्या फोटोखाली आजाचं, बैलाच्या फोटोखाली बैलाचं. आजा चष्मा काढून बोलला, "बरोबर हाय. पण मजा नाय."

मग त्याने बॅनरवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, "मागच्या टायमाला केलेलं तसं कर." बॅनरवाल्याला वाटलं टोमणा मारतायत. तो बिचारा माफी मागत बसला. आजाने त्याला तीनदा समजावलं. तेवढ्यात गणूआजा बोलला, "म्हणजे 'मैदान गाजवणारा' परत तूच? यंदा मी." आजा बोलला, "तू कुठलं मैदान गाजवलंस?" गणूआजा बोलला, "नाट्यगृह गाजवलं ना." त्यावरून दोन दिवस भांडण चाललं, समोरासमोर. चिमण्या मध्ये उभा राहून पेंढा खात होता, त्याला कोणी काही विचारलं नाही.

शेवटी मी ठरवलं, कारण गोष्ट माझी आहे. 'मैदान गाजवणारा, धुरळा उडवणारा' या बॅनरवर दोघांचा फोटो, खांद्यावर हात टाकून. आणि 'आमचे मार्गदर्शक' या बॅनरवर चिमण्या एकटा.

बॅनर काल नाक्यावर लागले. गणूआजा बघून हसला. आजा त्याच्या आधी हसला.

नक्की या. केक पोरं खातात, पण तुमच्यासाठी बाजूला ठेवू. कालवणपण आहे, ओल्या बोंबलाचं. आणि कोणाला कसला अर्ज द्यायचा असेल तर घेऊन या, माजी उपसरपंच सकाळी मोकळे असतात.

तुमची लेखिका,
निशा

(सही) राघो धर्मा भोईर
(त्याच्याखाली, मोठ्या अक्षरात) गणू धर्मा भोईर. चष्मा लावून सही केली आहे.